सोन्याखालचं मीठ

कॉलेजात संशोधनासाठी नव्याने आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगे, की तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत नीरामावशी बसतात आणि त्या सोनं लावतात. पोरांना ती थट्टा वाटे. मग खरंच जाऊन बघितलं, तर साठीला टेकलेली, बारीक अंबाडा घातलेली, पायात खोलीतल्याच रबरी चपला घातलेली एक बाई दिसे. हातात मोजे, एका हातात चिमटा, चिमट्यात नखाएवढा काचेचा तुकडा. मावशी मान वर न करता म्हणत, "दार लाव. दमट हवा येते."

त्या खोलीत कॉलेजचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता. त्याला उजेडाने दिसत नाही. तो वस्तूवर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकतो आणि परत येईल त्यावरून चित्र काढतो. वस्तू काचेसारखी वीज न वाहणारी असेल तर चित्र फरपटतं, म्हणून आधी तिच्यावर सोन्याचा थर द्यावा लागतो. थर तरी किती, तर केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. माझ्या अंगावर याहून फार जास्त न्हाय, असं नीराबाई स्वतःच म्हणायची आणि गळ्यातल्या चार मण्यांना हात लावून दाखवायची. काचेच्या बरणीत तुकडा ठेवायचा, आतली हवा काढून घ्यायची, बटण दाबायचं. बरणीत जांभळा उजेड पेटे, तो तिने चाळीस आकडे मोजून बंद करायचा. यंत्रावर घड्याळ होतं, पण तिचा विश्वास आकड्यांवर. हे काम खरं तर तंत्रज्ञाचं. ती कागदावर शिपाई. पण तंत्रज्ञाची जागा भरायची फाइल जी एकदा वर गेली ती वरच राहिली, आणि कॉलेजचं काम अशा बायकांच्या जिवावर चालतं हे कुठल्याच अहवालात लिहिलेलं नसतं.

नीराबाई उरणकडची, मिठागरातली. बाप मिठागरात कामाला, लग्न झालं तो भागोजीही मिठागरातलाच. भरतीचं पाणी बांधून घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवायचं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरायची वाट बघायची, यात तिची चाळीशी आली. मीठ धरतं तेव्हा पाण्यावर आधी बारीक चौकोन तरंगतात. काठ उंच, मध्ये खोलगट, पायऱ्या पायऱ्यांनी आत उतरलेले. लहानपणी ती ते बोटाने उचलायला जाई आणि ते बोट लागताच बुडत. बाप ओरडे, कारण हललेल्या पाण्यात खडा बारीक पडतो. हे सगळं तिच्या डोळ्यांत इतकं मुरलेलं होतं, की आठवण म्हणून ते वेगळं काढताही आलं नसतं.

मग मिठागरांवर भराव पडला. वाफ्यांच्या जागी लोखंडी कंटेनर एकावर एक उभे राहिले. मुलगा सुजित त्यातलेच कंटेनर ओढणाऱ्या गाडीवर लागला, त्याचं काही अडलं नाही. अडलं भागोजीचं. तो रोज सकाळी उठून उरलेल्या बांधावर जाऊन बसे आणि जेवायच्या वेळी परत येई. विचारलं तर म्हणे, "बघून येतो." काय बघून येतो ते त्याने सांगितलं नाही आणि तिसऱ्या वर्षी तो गेला. नीराबाईने कॉलेजातली जागा धरली ती तेव्हा. आता या गोष्टीला वीस वर्षं झाली. गंमत म्हणा की दैवाची वाकडी चाल म्हणा, मिठातून आलेल्या या बाईला काम मिळालं ते मीठ बाहेर ठेवण्याचं. खाडीवरून येणारा खारा दमट वारा हा त्या यंत्राचा मुख्य शत्रू. दोन दारं, बदलायच्या चपला, ओल शोषणारे निळे दाणे गुलाबी झाले की भाजून पुन्हा निळे करणं, एसी बंद पडला की वरच्या मजल्यावर जाऊन भांडणं, हे सगळं तिचं. यंत्र चालवणारा कुलदीप तिच्या निम्म्या वयाचा, पण खोलीत पाय टाकताना तोही तिला घाबरून असे.

इरा आली ती पाच वर्षांपूर्वी. श्रीवर्धनकडची, सुपारीच्या वाडीवाल्यांची पोर. वडील माधवराव शाळामास्तर, आई कुमुद पोस्टात. घरातून डबे येत, त्यातला पहिला घास मावशीला. इराचं काम तांब्याच्या ऑक्साइडच्या पातळ फिल्मवर होतं. काचेवर असा थर चढवायचा, की त्याचे कण चौकोनी यावेत, फाशांसारखे. तसे आले तर ती फिल्म उन्हातून वीज काढायला चांगली, असं तिच्या सरांचं म्हणणं. सर विभागप्रमुख होते, त्यांना म्हणणं पुरे होतं. करायचं इराला होतं.

आणि कण चौकोनी येईनात. चार वर्षं गोळे आले. पोरांची एक रीत आहे, पडद्यावर जे दिसेल त्याला नाव ठेवायचं. कुणाच्या फिल्मवर गवत उगवतं, कुणाच्या फिल्मवर वारूळ. इराच्या फिल्मवर फुलकोबी. "आज काय भाव फुलकोबीचा?" असं कुलदीप विचारी, आणि पहिली दोन वर्षं इराही हसे. तिसऱ्या वर्षी तिने हसणं सोडलं. चौथ्या वर्षी ती फिल्म आत सरकवून पडद्याकडे पाठ करून उभी राही, आणि मावशी तिला मागून सांगे काय आलंय ते. मावशीला त्या चित्रांतलं शास्त्र कळत नव्हतं. गोळा आणि चौकोन मात्र कळत होता.

पाचव्या वर्षाच्या जानेवारीत मार्च समोर दिसू लागला. मार्चअखेर इराची मुदत संपत होती. काही हाती लागलं तर सर वाढवून मागणार होते, नाहीतर पाच वर्षं पाण्यात. त्याच महिन्यात बाहेरगावचे एक मोठे प्राध्यापक कॉलेजात आले होते. इराने नवी फिल्म काढली होती, नारिंगी झाक असलेली, एकसारखी, कुठे डाग नाही. प्राध्यापकांनी ती उजेडात धरली आणि चारचौघांत म्हणाले, "या मुलीच्या हातात कला आहे. हिचं नाव होणार."

दाराशी चहाचा ट्रे घेऊन नीराबाई उभी होती. काम व्हायच्या आधी कुणी असं बोलतं का? मोठा माणूस, मोठा डोळा. तिने तिथल्या तिथे ट्रेवर बोटं मोडली, पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. चार वर्षांचे गोळे तिला आठवत होते, आणि त्यांचं कारण आता सापडल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती पदराच्या गाठीत मीठ-मोहरी बांधून आली. संध्याकाळी साडेपाचला इरा चहाला गेली. फिल्म तिथेच खोलीत काचेच्या थाळीत उघडी वाळत होती, कारण झाकली असती तर तिला वाफ धरली असती. नीराबाईने मूठ आवळली आणि थाळीवरून सात वेळा फिरवली. आल्यागेल्याची, चांगल्यावाईटाची, साहेबाची, पाहुण्याची, सगळ्यांची नजर उतरून टाकली. इराच्या स्टुलावरूनही फिरवली. मूठ घट्ट धरली, कारण दृष्ट काढताना दाणा सांडू नये. मग घरी जाऊन तिने मूठ चुलीत रिकामी केली, मोहरी तडतडली, आणि बाई समाधानाने जेवली.

आता, खडे मीठ मुठीत जोराने आवळलं की बोटांच्या फटींतून त्याची पूड पडते, हे तिला कुणी सांगायला हवं होतं का? ती तर त्याच्यातच वाढलेली. पण दृष्ट काढणारी बाई आणि दाराशी ओल अडवणारी बाई या एकाच अंगात राहणाऱ्या दोन बायका होत्या आणि त्यांचं आपसात बोलणं झालेलं नव्हतं. त्या संध्याकाळी वीज गेली, एसी बंद पडला, खाडीवरचं धुकं पहाटेपर्यंत खोलीत बसलं. डोळ्यांना न दिसणारी ती पूड धुक्याचं पाणी पिऊन फिल्मवर पसरली. सकाळी वीज आली, एसीने खोली कोरडी केली, आणि मिठाने मिठाचं काम केलं.

अकरा वाजता नीराबाईने त्या फिल्मच्या एका तुकड्याला सोनं लावलं. चाळीस आकडे मोजले. कुलदीपने तुकडा आत सरकवला. इरा पाठ करून उभी.

पडद्यावर चौकोन आले.

कुलदीप काही बोलेना म्हणून इरा वळली. तिने बघितलं, खुर्चीची पाठ धरली आणि मग ती अशी रडली की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. कुलदीप चित्र मोठं करत गेला. दहा हजार पट. स्वच्छ कडांचे, नीट बसलेले चौकोन, काही भरीव, काही मध्ये खोलगट, पायऱ्या पायऱ्यांनी आत उतरलेले. इराने मावशीला मिठी मारली. "मावशी, आले," ती म्हणाली. "आले हो."

मावशीने तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं. तिने ते ओळखलं. दहा हजार पट मोठं केलं म्हणून ओळख बदलते का? बापाच्या वाफ्यातलं पाणी तिच्यासमोर उभं होतं. मग मूठ आठवली, उघडी थाळी आठवली.

कण कशाचे आहेत हे सांगणारा भाग त्याच यंत्राला जोडलेला होता, पण तो गणपतीपासून बिघडलेला. कंपनीचा माणूस येतो येतो म्हणत होता. कुलदीपने सरांना तेवढं सांगितलं. पण मुंबईतली परिषद आठ दिवसांवर होती, नावं द्यायची मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि सरांनाही पाच वर्षांचा हिशेब कुणाला तरी दाखवायचा होता. "ते नंतर करू," सर म्हणाले. "आकार तर बोलतोय ना."

दुपारी इरा एका पोराकरवी पेढे मागवून सगळीकडे वाटत फिरली. शेवटी मावशीपाशी आली. खोक्यातला सगळ्यात मोठा पेढा निवडून तिने स्वतःच्या हाताने मावशीच्या तोंडात घातला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नीराबाईलाही ते कळत होतं, आणि जीभ उचलत नव्हती. दोन वर्षांनी पोर हसली होती. त्या हसण्यात मिठाचा खडा कसा टाकायचा, असंच तिच्या मनात आलं, अगदी याच शब्दांत, आणि ते शब्द तिचे तिलाच बोचले. खडा तर केव्हाच पडला होता. तिने पेढा गिळला.

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी कुलदीप एकटा बघून ती म्हणाली, "माना त्ये मीठ वाटतं रे."

"काल कुणाला तरी ते बर्फीसारखं वाटलं," कुलदीप हसून म्हणाला. "आधी फुलकोबी होती, आता मीठ. मावशी, आता फक्त तेल आणा, भाजीच टाकू."

त्याला दोष कसा द्यायचा? त्या खोलीत दिसणारं प्रत्येक काहीतरी कशासारखं तरी दिसतच होतं. मावशीला ते तसं दिसत नव्हतं, ते तेच होतं, एवढा फरक तिला बोलून दाखवता आला नाही.

चौथ्या दिवशी इरा चित्रं छापून घेत होती. नीराबाई थाळ्या धुता धुता म्हणाली, "पोरी, एक तुकडा पान्यान धुऊन तं बघ."

"कशाला हो?"

"उगा. धूळबिळ बसली असल."

"मावशी, आता धुवायचं नाही. आता जपायचं," इरा म्हणाली आणि कामाला लागली.

दोन शब्द पुढे बोलली असती तर काम झालं असतं. पण पुढचे शब्द म्हणजे मूठ, सात फेरे आणि स्वतःचं नाव. निवृत्तीला सहा आठवडे उरले होते. वीस वर्षं ज्या खोलीत तिने धुळीचा कण येऊ दिला नाही, तिथे तिच्याच हातून मीठ पडलं, हे त्या पोरीच्या तोंडावर सांगायचं. नीराबाई भ्यायली. मायेने गप्प बसली हेही खरं, आणि भ्यायली हेही खरं. कोणतं किती, ते तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

इरा मुंबईला गेली. मावशीने तिच्या कपाळाला कुंकू लावलं नाही, दही हातावर घातलं नाही. इराला त्याचं नवल वाटलं असावं, पण घाईत तिने विचारलं नाही.

तिथे काय झालं ते बरोबर गेलेल्या कुलदीपने येऊन सांगितलं. इरा फार चांगली बोलली. चौकोन पाहून लोक पुढे सरकून बसले. मग तिनेच आपणहून एक तुकडा तिथल्या प्रयोगशाळेला दिला, की आमच्याकडचा भाग बिघडलाय, तुम्ही कण तपासून बघा. तिला खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात निकाल पडद्यावर लावला गेला. फिल्ममध्ये तांबं होतं. चौकोनांत तांबं नव्हतं. चौकोनांत सोडियम आणि क्लोरीन. सभागृहात मागून कुणीतरी म्हणालं, "रायगडचं मीठ आहे, चांगलंच असणार." लोक हसले. दुष्टपणाने नव्हे, माणसं हसतात तसे. इरा व्यासपीठाच्या पायरीवर उभी होती, तिला खाली उतरताना पायरी दिसली नाही.

परत आल्यावर इराने सोनं लावलेला तो पहिला तुकडा घेतला आणि शुद्ध पाण्यात धुतला. कुलदीपने तो आत सरकवला. चौकोन गेले होते. चार-दोन ठिकाणी वरचं सोनं तेवढं उरलं होतं, आत काही नसलेली टरफलं, काही फाटलेली, काही आडवी झालेली. त्यांच्या खाली गोळे. तीच फुलकोबी. कुलदीपने या वेळी भाव विचारला नाही.

मग इराने मीठ कुठून आलं ते शोधायला घेतलं. दोन दिवस ती जेवली नाही. पाण्याची बाटली तपासली, चिकटपट्टी तपासली, थाळ्या, चिमटे, मोज्यांची खोकी. सगळं स्वच्छ निघालं, कारण ते नीराबाईने ठेवलेलं होतं. शेवटी ती स्टुलावर बसली आणि स्वतःचे तळहात उलटेसुलटे करून बघू लागली. "माझेच हात घामट आहेत," ती म्हणाली. "आई लहानपणापासून म्हणायची. मोजा फाटका असणार आणि मला कळलं नसणार. माझ्याच हाताने केलं मी हे."

नीराबाई हातातलं फडकं ठेवून तिच्यापुढे येऊन उभी राहिली. "तुझे हात न्हाय," ती म्हणाली. "माझे."

तिने सगळं सांगितलं. पाहुण्याचं बोलणं, पदराची गाठ, उघडी थाळी, सात फेरे. इरा ऐकत राहिली.

"दृष्ट काढलीत? फिल्मची?"

"व्हय. तुझीपन."

इराच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. "आईपण काढते माझी," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, मावशी? मी मुंबईहून आल्यावर?"

खोटं बोलायला जागा होती. इराने स्वतःच ती करून दिली होती.

"फोटू आला तवाच," नीराबाई म्हणाली. "मी मिठागरातली. माना वलख लागली."

"म्हणजे पेढ्याच्या आधी."

"व्हय."

इरा उठली. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. "मीठ मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "पण तुम्ही पेढा खाल्लात, मावशी."

त्यानंतर इरा तिच्याशी वाईट वागली नाही. वाईट वागली असती तर बरं झालं असतं. दार उघडलं की नमस्कार म्हणायची. डबा उघडायची तो आपल्या टेबलावर, एकटीच. आणि नवे तुकडे ती स्वतः आणायची, स्वतः बरणीत ठेवायची, स्वतः सोनं लावायची. नीराबाई भिंतीला टेकून उभी राही आणि जांभळा उजेड पेटला की ओठ न हलवता आकडे मोजे. इरा घड्याळ बघून बंद करायची. चाळीसच होत.

सरांना लेखी अहवाल द्यायचा होता. इराने तो लिहिला. टेबलावर ठेवायला नीराबाईच घेऊन गेली, आणि मराठीतला म्हणून वाटेत जिन्यावर थांबून तिने तो अक्षर अक्षर जोडत वाचला. नमुना हाताळताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला व त्यावर मीठ लागले. याची सर्वस्वी जबाबदारी माझी आहे. खाली सही. मावशीचं नाव कुठे नव्हतं. ती जिन्यावरच बसली. पोरीने तिच्यावर राग धरला होता, आणि तरी तिचं पान कोरं ठेवलं होतं. हे ओझं शिव्यांपेक्षा जड होतं.

ती कागद घेऊन सरांपुढे उभी राहिली. "ह्ये खोटं हाय, साहेब. मीठ माझे हातचं. मी दृष्ट काढली."

सरांनी चष्मा काढला. तिच्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा मऊ झाला. "मावशी," ते म्हणाले, "तुमचा जीव आहे तिच्यावर, मला माहीत आहे. पण असं कुणाचं अंगावर घ्यायचं नसतं. मुलीने कबूल केलंय, तिच्यासाठीही तेच बरं. चार आठवडे राहिले तुमचे. मान राखून जा."

"खरंच सांगतंय, साहेब."

"हो, हो. बसा, पाणी घ्या."

नीराबाईने आणखी दोनदा सांगून पाहिलं. कुलदीपला आठवण करून दिली, मी तुला बोलले व्हते ना. कुलदीप खाली बघून म्हणाला, "मावशी, आता कशाला?" वेळेवर तिने कुणाला पुरतं सांगितलं नव्हतं. आता सांगत होती तर ऐकणाऱ्यांना त्यात फक्त माया दिसत होती. इराला मुदत वाढवून मिळाली नाही. मार्च संपायचीही तिने वाट बघितली नाही. फेब्रुवारीअखेर जाते म्हणाली, घरी वाडीचं काम आहे म्हणाली.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस नीराबाईचाही शेवटचा. सभागृहात निरोप समारंभ झाला. सुजित गाडीवरून सुट्टी काढून आला होता, पहिल्या रांगेत अवघडून बसला होता. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, सगळं रीतसर. सर बोलायला उभे राहिले आणि रंगले. यंत्राला जपणारे हात म्हणाले, कॉलेजची माउली म्हणाले. "आता एक गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "मागे आपल्या एका विद्यार्थिनीकडून चूक झाली. नाव घेत नाही. तर या माउली माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, साहेब, ती चूक माझी आहे. स्वतःच्या निवृत्तीला महिना राहिलेला असताना. कुठे शिकवतात हे? कुठल्या पुस्तकात आहे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजवल्या. सुजितने डोळे पुसले. शेवटच्या रांगेत बॅग मांडीवर घेऊन बसलेली इराही टाळ्या वाजवत होती, सगळ्यांसारख्या, आणि समोर बघत होती.

नीराबाईला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने कधी माइक धरला नव्हता. तिने तो दोन्ही हातांनी धरला, आणि समोरच्या दीड-दोनशे माणसांत तिला एकच माणूस दिसत होतं.

"त्ये मीठ माझंच व्हतं," ती म्हणाली.

सभागृह हसलं. फार मायेने हसलं, आणि पुन्हा टाळ्या पडल्या. सर पुढे झाले, त्यांनी शाल तिच्या खांद्यावर नीट केली आणि तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

इरा हसली नव्हती. ती उठली, बॅग खांद्याला लावली आणि श्रीवर्धनच्या चारच्या एसटीसाठी निघून गेली.